सुमीची टाच

भजनी मंडळाच्या बायाहो, ट्रान्झिस्टर बंद करा अन् भिंतीवरचा माझा हा कागद आधी वाचा. वर्धेच्या दवाखान्यातून आत्ताच आली, चहाबी नाई घेतला.

माझी नात सुमी चालाले लागली तवापासून डावी टाच उचलून चाले. त्यासाठी पायाले घातलेलं प्लास्टर निघालं, आज चाल तपासाची होती. डॉक्टरीणबाईनं फरशीवर पांढरी भुकटी पसरली. म्हणे, "यावरून चाल बेटा. टाच उमटली तर बरं, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल."

पोरगी नुसती बोटं टेकवत गेली. टाच उमटेच ना!

"सुमे, टाच टेकव न वं!"

ते रडकुंडीले आली. "आजी, रांगोळी पुसते न!"

अगं माय! मी लुगडं खोचलं अन् भुकटीतून सरळ चालत गेली. "हे रांगोळी नोहे. ये माझ्यामागं."

आली. बाई वाकून लय वेळ पाहत राह्यल्या, मग हसल्या. "टाच उमटली, आजी. ऑपरेशन नको."

घरी आल्याबरोबर पोरीनं दारातली माझी रांगोळीच तुडवली, दोन्ही टाचा टेकवून. आता तुमीच सांगा बायाहो, रागवाचं का हसाचं?