जगूचा दोरीवरचा हात

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, देवबागच्या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा ढोंगी माणूस काही आठवड्यांपूर्वी हे जग सोडून गेला. त्याच्या तोडीचा ढोंगी या पट्ट्यात पूर्वी झाला नाही आणि आता होण्याची आशा नाही. त्याचे नाव जगन्नाथ. शाळेपासून आम्हा सगळ्यांचा जगू, आणि चिडलो की जग्या. ही बातमी सुमनवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मला फोनवर सांगितली तेव्हा मी कट्टा गावातल्या माझ्या बेकरीत त्याच्याच पावांचा गोळा मळत होतो. बिनमिठाचा, वेगळा ठेवलेला. "पेद्रूभावजी," त्या म्हणाल्या, "आता वेगळो गोळो काढू नकात..." एवढंच. मी फोन ठेवला आणि तो गोळा नेहमीसारखाच भट्टीत घातला.

जगूचं ढोंग समजायचं तर आधी रापण समजायला हवी. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात लांबच लांब जाळं सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगा ओढत आणतात. आमच्याकडचा नियम असा, की ज्याने दोरीला हात लावला त्याला मासळीचा वाटा. मग तो खलाशी असो, शिक्षक असो की सुट्टीवर आलेला जावई. आणि ज्याने हात लावला नाही त्याने वाळूत उभं राहून खुशाल वास घ्यावा. जगू गाबिताचा, म्हणजे मासेमाराचा मुलगा, चालायला लागल्यापासून त्या दोरीवर वाढलेला. रांगेत तो नेहमी पुढे, पाण्यात गुडघाभर. ओढताना तोंड अखंड चालू. आमच्या किनाऱ्यावर तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, भिकाजी ऊर्फ भिकू. त्याचं आणि जगूचं कधी पटलं नाही आणि एकमेकांशिवाय कधी भागलंही नाही.

मग जगूचे पाय सुजायला लागले, पोट फुगलं, डोळे पिवळे दिसायला लागले. तपासणीत निघालं, की फार पूर्वी होऊन गेलेल्या काविळीचा विषाणू आत बसून राहिला होता आणि त्याने सावकाश, बिनबोभाट यकृत खाऊन टाकलं होतं. आता यकृत गेलं म्हटलं की गाव डोळा मारतो. जगूने आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता, पण त्याचा जिवलग मित्र मी, ख्रिस्ती, गोव्यात सोयरीक असलेला आणि कपाटात फेणीची बाटली ठेवणारा! लोकांना संशयित आयताच सापडला. बाजारात बायका माझ्याकडे अशा बघत, जणू मी त्याला पावाबरोबर पिंपच पोचवत होतो. जगूला या सगळ्याचा भयंकर आनंद. तो मुद्दाम भर बाजारात माझ्या खांद्यावर हात टाकून झोकांड्या द्यायचा. मीठ बंद झालं, सुकी मासळी बंद झाली, तेव्हा मी त्याच्यासाठी बिनमिठाचे पाव भाजायला लागलो. पहिला घास चावून त्याने पाव उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "पेद्रू, ह्यो पाव न्हय रे. ह्यो उपास." तरी संपवला.

डॉक्टरांनी हृदयही तपासून घ्यायला सांगितलं, म्हणून आम्ही गोव्याला गेलो. पडद्यावर जगूचं हृदय असं काही धडधडत होतं, की तपासणाऱ्या मुलीने "पंप छान चाललाय" म्हटलं. झालं! परतीच्या वाटेवर प्रत्येक चहाच्या टपरीवर जगूने ही घोषणा केली. तळहात लालबुंद, कढत, नाडी अशी उड्या मारणारी, की मनगट धरलं तर हाताला धक्का बसावा. "बघ, तरण्या पोराचा काळीज आसा!" आणि दुसऱ्याच सकाळी रापण लागल्यावर तो कोणालाही न जुमानता रांगेत शिरला. जाळं दूर होतं तोवर ठीक. ते किनाऱ्याजवळ आलं, दोरी ताठली, आणि जगू बोलायचा थांबला. तो बोलायचा थांबला म्हणूनच सगळ्यांनी वळून पाहिलं. तो पाण्यात बसला होता, ओठ पांढरे, श्वास नुसता वरच्या वर.

पुन्हा गोवा. या वेळी डॉक्टरांनी जगू, वहिनी आणि मी अशा तिघांना समोर बसवलं आणि न कंटाळता सांगितलं. यकृत असं दीर्घकाळ बिघडलं, की अंगातल्या रक्तवाहिन्या सैलावतात. सैल वाहिन्यांत रक्त ढकलायला हृदयाला कमी जोर पुरतो, म्हणून बसल्या जागी ते झकास दिसतं, उलट नेहमीपेक्षा जास्तच धावतं. पण त्याच आजाराने हृदयाचा स्नायूही आतून बिघडत असतो. जड काम पडलं, ताप आला, ऑपरेशन झालं, म्हणजे हृदयाकडे वाढीव जोर मागितला, की तो त्याच्याकडे नसतो. जगूने सगळं ऐकलं. "म्हणजे जाळा लांब आसा तवसर दोरी हलकीच लागता, तसा," तो म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवली. "तसंच. आणि तुम्ही आता ती दोरी ओढायची नाही."

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत, कारण जगू गप्प होता. भिकूतांडेलाने पहिल्याच रापणीनंतर त्याचा वाटा घरी पाठवला, छान ताजे बांगडे. जगूने टोपली तशीच परत धाडली. "मी हात लावूक नाय, तर माझो वाटो कसलो?" वहिनी रडल्या, मी ओरडलो, पण नाही म्हणजे नाही. तो दयेचं खायला तयार नव्हता. तो आजाराला घाबरत नव्हता, तो फक्त या एका गोष्टीला घाबरत होता, की किनाऱ्यावर आपण आता माणसांत मोजले जाणार नाही. दोनदा टोपली परत आल्यावर भिकूही पेटला. "नियम तो नियम," तो म्हणाला. "दोरीक हात लागलो तर वाटो. नायतर रवला."

शेवटी वहिनींनीच डॉक्टरांना फोन लावला आणि विचारलं, नुसता हात लावला तर चालेल का? मग डॉक्टर म्हणाले, हात लावू दे, ओढायचं मात्र नाही.

आणि ढोंगाला सुरुवात झाली! काय वर्णावं... जगू रांगेत आपल्या जुन्या जागी उभा राहायचा, दोरीवर दोन्ही लाल तळवे अलगद ठेवायचा, अंग मागे टाकायचा, दात आवळायचा, डोळे फिरवायचा आणि असा कण्हायचा, की जणू अख्खा समुद्र तो एकटाच ओढून आणतोय. खरोखर ओढणारे हसून बेजार. प्रवासी त्याचेच फोटो काढायचे. "जग्या, आवाज कमी कर मेल्या!" भिकू ओरडायचा. "आमका ओढूक दी!" त्यावर जगू अधिकच मोठ्याने कण्हायचा. दोरी त्याच्यामुळे केसभरही हलत नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त त्याला. पण वाटे पडले की तो आपली रास उचलायचा, भिकूच्या डोळ्यांत डोळे घालून विचारायचा, "हात लागलो मा?" भिकू गंभीरपणे म्हणायचा, "लागलो." मग बांगडे घरी यायचे, बिनमिठाचे शिजायचे, माझ्या बिनमिठाच्या पावाबरोबर, आणि जगू ते असे खायचा जणू लग्नाची पंगत.

शेवट एका साध्या तापाने केला. छातीत कफ झाला, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच झालं, हृदयाकडे वाढीव जोर मागितला गेला. मी इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा तो खाटेच्या कठड्याला धरून पडला होता. मला पाहून त्याने डोळे फिरवले आणि आपलं ते सुप्रसिद्ध कण्हणं सुरू केलं. नर्स धावत आली. "काय होतंय काका?" "काय नाय गो बाय," तो म्हणाला, "सराव करतंय." ती रागावून गेली. मग तो खराच थकला. मी त्याचा हात धरला. तळवा अजून तसाच गरम होता.

तेराव्यानंतर पहिल्यांदा रापण लागली तेव्हा मी पाव घेऊन किनाऱ्यावर गेलो होतो. जगूच्या जागी रांगेत फट राहिली होती, तिथे कोणी उभं राहीना. शेवटी मीच चपला काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दोरीला हात लावला. माझं वजन बघता रांगेला चांगलाच टेकू मिळाला असणार. समुद्र शांत होता, वारा नव्हता, आणि जाळं जवळ आलं तशी आत मासळी अगदी थोडी असल्याचं स्पष्ट दिसत होतं. कण्हायला कोणी नव्हतं. आम्ही ओढत होतो, थांबत होतो, पुन्हा ओढत होतो. पुढे उभ्या असलेल्या भिकूतांडेलाने मध्येच दम खाल्ला, दंडाने कपाळ पुसलं आणि मागे वळून न बघता तो ओरडला,

"आज रापण इतकी जड कित्या लागता रे? जग्यान हात लावूक नाय काय?"