रेषेवाले

सिग्नलच्या कॅमेऱ्यांच्या ऑफिसातल्या एका कारकुनाला सगळे रेषेवाले म्हणायचे. कुणी सिग्नल तोडला की कॅमेरा दोन फोटो काढायचा, एक पांढऱ्या रेषेवरचा, दुसरा पलीकडचा. लगोलग ते यांच्या पडद्यावर यायचे. दंड लावायचा की नाही हे शेवटी माणसानंच ठरवायचं, कारण अॅम्ब्युलन्सला वाट करून देणारा कोण आणि नुसता उतावळा कोण, हे यंत्राला कुठलं कळायला? रेषेवाले चाकं बघायचे, दिवा बघायचे आणि 'मंजूर'चं बटण दाबून मोकळे व्हायचे.

चेहरा मात्र बघायचे नाहीत. बाकीचे फोटो मोठे करून खिदळत बसायचे. कोण नाकात बोट घालतंय, कोण बायकोशी भांडतंय! शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा विचारलंच, "तुम्ही का नाही हो बघत?"

"तोंड बघितलं की दया येते. आणि दया आली की रेष वाकडी दिसायला लागते."

माणूस कडक वाटेल, पण होता लोण्याचा गोळा, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सुरुवातीला एका रडणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो रद्द केला, तर साहेबांनी चारचौघांत खरडपट्टी काढली होती. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला.

थोरला भाऊ, त्यांचा दादा, लॉन्ड्रीची गाडी चालवायचा. दोघं भाऊ आणि वहिनी एकाच घरात राहायचे. जेवताना दादा हमखास चिडवायचा, "एक दिवस मलाच पकडशील तू, लेका!"

"पकडेन की! सख्खा भाऊ म्हणून काय रेष सरकवू?"

दादा ठसका लागेपर्यंत हसायचा.

एका दुपारी दादाची गाडी लाल दिव्यातून चौक ओलांडून गेली आणि एका बंद गोदामाच्या भिंतीला टेकून थांबली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, ड्रायव्हर डुलकी काढतोय. बऱ्याच वेळानं कुणीतरी काच ठोठावली. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका. थोडं आधी आणलं असतं तर वाचलेही असते.

रजा संपल्यावर रेषेवाले कामावर गेले, ते थेट त्या दुपारचे त्या चौकातले फोटो उघडूनच बसले. गाडी सापडली. चाकं रेषेच्या पुढे, दिवा लाल. खाली 'मंजूर', आणि मंजूर करणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव.

मग त्या म्हाताऱ्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी फोटो मोठा केला. पहिल्यात दादाचा एक हात छातीशी आवळलेला होता आणि तोंड वर, कॅमेऱ्याकडे. तो बघत होता की नुसतीच मान मागे गेली होती, देव जाणे. दुसऱ्यात डोकं स्टिअरिंगवर पडलेलं. टेबलावर डाव्या हाताला फोन होता. कुणी अडचणीत दिसलं तर चौकातल्या पोलिसाला कळवायला ठेवलेला. तो उचलायला कितीसा वेळ लागला असता!

संध्याकाळी घरी आले तर वहिनी दारातच उभ्या.

"भाऊजी, तो चौक तुमच्याच कॅमेऱ्यात येतो ना? यांचा फोटो आला असेल. एकदाच सांगा, फार त्रास झालेला दिसतो का हो चेहऱ्यावर?"

रेषेवाले खाली वाकून दारातल्या चपला ओळीत लावू लागले. दादाची जोडी अजून तिथंच होती.

"चेहरा येत नाही, वहिनी. आम्हाला नुसती चाकं दिसतात."



"मग चाकंच दाखवा," वहिनी म्हणाल्या.