प्रेमराजची घागर

एरंडोलजवळच्या त्या खेड्यात ताईबाईला ‘जहाजवाल्याची माय’ म्हणून चिडवत आणि तिला ते मनापासून आवडे. बाईने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. नवरा भिकन जळगावच्या कारखान्यात ठिबक सिंचनाच्या नळ्या ट्रकवर चढवायचा. पूर्वी त्या इथल्याच मळ्यांत जात, अलीकडे आफ्रिकेत जायला लागल्या. तोच माल नेणाऱ्या जहाजावर मुलगा प्रेमराज खलाशी म्हणून लागला, तेव्हा ताईबाईचा तोरा काय विचारता! "बाप भरस, पोऱ्या पोचाडस," असं येईल त्याला ऐकवायची.

ऐन पावसाळ्यात, टांझानियाचा किनारा जवळ आलेला असताना, लाटेने प्रेमराजला डेकवरून ओढून नेलं. नौदलाच्या जहाजाने पुष्कळ शोधलं. हाती काही लागलं नाही. माल मात्र बंदरात वेळेवर उतरला. टीव्हीवर आफ्रिकेशी वाढलेल्या व्यापाराचं कौतुक सुरू झालं, की भिकन उठून टीव्ही बंद करी. त्या नळ्यांवर तिकडे कुणाची तरी केळीची बाग हिरवीगार झाली असेल, होऊ देत बिचाऱ्यांची. पण ह्यांचं पोर गेलं त्याचं काय?

ताईबाई ‘गेला’ म्हणूच देत नसे. कुण्या कोळ्याने काढला असेल, म्हणायची.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. वर्षात घरचं माणूस गेलं, की खानदेशात आखाजीला त्याच्या नावाने घागर भरतात, निखाऱ्यांच्या आगारीत घास टाकून त्याला हाक मारतात. घागर भरली म्हणजे माणूस मेला, हे घराने कबूल केलं. थोरले दीर तोताराम नाना नवी घागर घेऊन आले, तर ताईबाई दारातच आडवी आली.

"मना पोऱ्या जित्ता शे. जित्ता माणूसनी घागर कोनी भरस का?"

जेठाने भावजयीशी थेट बोलायचं नसतं. नाना भिकनकडे पाहत हळूच म्हणाले, "तिले सांग, जित्ता नही व्हई तं? इतला दिन खारा पानीमा शे तो. त्याले पानी कोन पाजी?"

ताईबाईचं अवसान गळालं. ती दारातून बाजूला झाली. मग नानांच्या हातातली घागर घेतली आणि स्वतः भरली.

भिकनने आगारीवर तूप सोडलं, घास टाकला. आता नाव घेऊन हाक मारायची होती. एरवी पोराने गेलेल्या बापाला मारायची ती हाक, इथे बापाने पोराला मारायची होती. भिकन आगारीपासून मागे सरला. शेवटी ताईबाई पुढे झाली.

"प्रेम, पानी पी ले रे भाऊ," ती म्हणाली. "आते तुनी वाट नही देखस मी."