मासोळीची ओटी

आमच्या नांदेडच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात आणि त्यांच्यासमोरच्या पायऱ्यांवर माझ्या बाहुल्या बसतात. महालक्ष्म्यांची जागा कितीतरी पिढ्यांपासून ठरलेली आहे. बाहुल्यांची मात्र दरवर्षी भांडून ठरवावी लागते.

बाहुल्या सहा आहेत. लहानपणी मला कार्टून सिनेमांचं वेड होतं, म्हणून बाबा वाढदिवसाला त्यातली एकेक नायिका आणायचे. निदान खोक्यावर तरी तसं लिहिलेलं असायचं. बाजारातल्या स्वस्त नकला त्या. सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले, आणि सगळ्याजणी किंचित डावीकडे बघतात, जणू तिकडे कुणाचं तरी दूध उतू चाललंय. कोण कोणती हे केसांवरून आणि कपड्यांवरून ओळखायचं. सफरचंदवाली, झोपाळू, काचेच्या बुटवाली, लांब केसांची, पुस्तकवाली आणि माशाच्या शेपटीची मासोळी.

महालक्ष्म्यांच्या थेट पायाशी, सगळ्यात वरच्या पायरीवर पहिला नंबर. मग एकेक पायरी उतरत शेवटचा नंबर प्लास्टिकच्या ट्रॅक्टरशेजारी. हे नंबर लावायचं काम माझं आणि माझ्या आत्येबहिणीचं. ती लातूरची. लातूरमध्ये तिच्या गल्लीच्या तोंडापासून शेवटपर्यंत क्लासच्या फलकांवर पहिले आलेल्या मुलांचे फोटो आहेत. शेजाऱ्यांपेक्षा तिला तेच चेहरे जास्त ओळखीचे. नंबर न लावलेली कुठलीही गोष्ट तिला अस्वस्थ करते. सध्या ती डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे, त्यामुळे बाहुल्यांनाही बरोबर वागण्याला चार गुण आणि चुकीला वजा एक.

मासोळी दरवर्षी ट्रॅक्टरशेजारी. "आवाज देऊन टाकला! एका पोरासाठी! वजा, वजा, वजा," असं बहीण म्हणायची आणि मी गप्प बसायचे. मासोळी मला सगळ्यात जास्त आवडते, पण ते मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

यंदा घरात आणखी एकजण होती. उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं. वहिनी जळकोटजवळच्या एका गावातली, घरची शेती असलेली. ती आल्यापासून मी तिच्याशी जे काही बोलले ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि खाली सहीला जागा उरली असती. "हो." "नको." "चहा झाला." "दादा आंघोळीला गेलाय." ती मला आवडत नव्हती असं नाही. उलट फारच आवडत होती. भाकरी थापताना ती स्वतःशीच कशाला तरी हसायची, आणि ते कशाला हे मला विचारायचं असायचं. पण आवडलेल्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझं वाक्य आधी मनात तयार होतं, मग तपासलं जातं, मग दुरुस्त होतं, आणि तोवर समोरचं माणूस उठून भांडी घासायला गेलेलं असतं.

महालक्ष्म्यांच्या थोडं आधी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. टाकीच्या पलीकडे वहिनी तिच्या आईशी फोनवर बोलत होती.

"बाकी समदे लई चांगले हायत गं. नणंदबाई तेवढ्या बोलत न्हाईत. इंग्लिश शाळंत शिकलेल्या हायत नव्हं, आपलं बोलणं आवडत नसंल."

मी कपडे तसेच दोरीवर ठेवून खाली आले. मला तिला सांगायचं होतं की मी इंग्रजीतही बोलत नाही, हवं तर माझ्या शाळेतल्या बाईंना विचारा. पण हे सांगायलाही बोलावंच लागलं असतं. मग मी मनाशी ठरवलं. महालक्ष्म्या परत जायच्या आत वहिनीशी एक तरी पूर्ण आणि अगदी बिनकामाचं वाक्य बोलायचं. नाहीतर ती जन्मभर हेच समजून राहील, आणि मी जन्मभर टाकीच्या अलीकडे.

सुरुवात वाईट झाली.

महालक्ष्म्या घरात आणताना सून मुखवटे ताटात घेऊन दाराशी येते आणि लेक उंबऱ्याच्या आत उभी राहते. आमच्या घरी आधी सून म्हणते, "महालक्ष्मी आली." मग लेक विचारते, "कशाच्या पावलांनी आली?" वहिनीच्या माहेरी आधी लेक विचारते, "कोण आलं?" दोघींनाही एकमेकींची पद्धत माहीत नव्हती. त्यामुळे वहिनी माझ्या प्रश्नाची वाट बघत बाहेर उभी राहिली आणि मी तिच्या वाक्याची वाट बघत आत. पितळेचे दोन मुखवटे मध्ये. भर दुपार. वहिनीच्या कपाळावरून घाम निघून नाकाच्या शेंड्यावर थांबला. मी तो घामाचा थेंब बघत होते आणि ती बहुधा माझं काहीतरी बघत होती.

"अगं, कुणीतरी तोंड उघडा!" आई मागून ओरडली. "महालक्ष्मी उन्हात उभी आहे!"

मग आम्ही दोघी एकदम बोललो, आणि कोण आली, कशाच्या पावलांनी आली ते महालक्ष्म्यांनाही कळलं नसेल. त्या आल्या मात्र.

संध्याकाळी आरास मांडायला घेतली. आई आणि वहिनी दुसऱ्या दिवशीच्या सोळा भाज्या निवडत खाली बसल्या होत्या. आत्येबहिणीने बाहुल्या ओळीत ठेवल्या आणि जाहीर केलं, "यंदा तटस्थ परीक्षक पाहिजे. वहिनी, तुम्ही."

"मी? मी न्हाई बघितले असले शिनेमे."

"तेच पाहिजे. पेपर फुटलेला नको."

बहीण एकेकीची गोष्ट सांगत गेली आणि वहिनी गवारीच्या शिरा काढत निकाल देत गेली. सफरचंदवालीपासून सुरुवात झाली.

"सात माणसांचा सयपाक एकटीनं? झाडलोट बी?" वहिनी म्हणाली. "हिला वर ठिवा."

"पण अनोळखी म्हातारीकडून सफरचंद घेतलं."

"भाव न विचारता?"

"फुकट दिलं."

"मग थोडी खाली घ्या. फुकटचं कुणी देतंय व्हय?"

काचेच्या बुटवालीपाशी ती जरा अडखळली. "बुटावरून पोरगी हुडकली? येवढा वेळ नाचला तिच्यासंगं, तोंड न्हाई बघितलं का त्यानं?" राजकुमारालाच वजा एक गुण मिळाला, पण त्याची बाहुली आमच्याकडे नसल्यामुळे तो बुटवालीच्या खात्यात गेला.

लांब केसांच्या बाईवर चर्चा पाण्याकडे वळली. येवढे केस धुवायला किती बादल्या लागत असतील, याचा हिशेब वहिनीला लागेना. बहीण एकदम गंभीर झाली. "वहिनी, लातूरच्या माणसासमोर हा विषय नको. आमच्याकडे असती तर तिचे केस टँकर आल्यावरच धुतले गेले असते, आणि त्याच पाण्यात गल्लीने कपडे भिजवले असते."

मग आली झोपाळू. सुई टोचली, झोपली, झोपेतच राजकुमार आला, लग्न झालं.

"आरं देवा," वहिनी भान विसरून म्हणाली, "आमच्याकडं नुसतं उठायला उशीर झाला तर राजकुमार न्हाई, सासू येती."

आणि मग तिच्या लक्षात आलं की सासू शेजारीच बसून भेंडी पुसते आहे.

बहिणीने झोपाळूला पाठीमागे लपवलं. आईने भेंडी खाली ठेवली, पुढची घेतली, तिचं देठ बघितलं आणि म्हणाली, "माझी सासू तर तांब्या घेऊन यायची. पाण्याचा." मग तीच सगळ्यात आधी हसली. झोपाळूला सहानुभूतीचे दोन गुण वाढवून मिळाले. पुस्तकवाली चालताना वाचते हे ऐकून वहिनीने फक्त "पडंल की" एवढंच म्हटलं.

शेवटी मासोळी. बहिणीने एका दमात उरकली. "समुद्रात राहते, राजकुमार आवडला, पाय पाहिजेत म्हणून चेटकिणीला आवाज दिला. वजा, वजा, वजा. ट्रॅक्टरशेजारी."

वहिनीने गवार निवडणं थांबवलं. "आवाजच दिला? मग त्याच्याशी बोलायची कशी?"

"बोलायचीच नाही," मी म्हणाले. "लोकांना वाटायचं, शिष्ट आहे."

सिनेमात असं काहीही नाही. सिनेमात सगळेच तिच्यावर खूश असतात. बहिणीने माझ्याकडे बघितलं, कारण तिला सिनेमा पाठ आहे. वहिनीनेही ओझरतं बघितलं. ती पुन्हा गवार निवडायला लागली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "हिला वर ठिवा. सगळ्यात वर."

"कशाचे गुण?" बहिणीने विचारलं.

"परीक्षक कोण हाय?"

असा पहिला नंबर लागला. पण माझ्या हिशेबाने ते वाक्य बिनकामाचं नव्हतं, आणि वहिनीकडे बघूनही म्हटलं नव्हतं. त्यामुळे ते मी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकू. वहिनी बायकांना हळदीकुंकू लावत होती, आई आत दूध गरम करत होती, बहीण पेले भरत होती, आणि मला आराशीपाशी उभं केलं होतं. कुणी काही विचारलं तर सांगायचं, एवढंच काम. इतकी वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून तर ते काम माझ्याकडे होतं.

गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर आजी आल्या. त्यांना चष्म्यातूनही बेताचंच दिसतं. त्यांनी थोरल्या महालक्ष्मीची ओटी भरली, धाकटीची भरली, आणि मग खाली वाकून मासोळीकडे बघितलं. हिरवी चमचमती शेपटी, मोकळे केस, आणि अगदी मधोमध बसलेली. काही घरांत महालक्ष्म्यांसोबत त्यांची बाळंही बसतात; आजींना वाटलं असेल, यांच्याकडे अशी पद्धत. त्यांनी मासोळीला हळदीकुंकू लावलं आणि तिच्या शेपटीवर खण, तांदूळ आणि सुपारी ठेवली.

मी तोंड उघडलं. वाक्य तयार झालं, तपासायला गेलं. तोवर मागची बाई पुढे आली होती. तिने आजींचं बघितलं आणि तेच केलं. तिच्या मागचीने तिचं बघितलं. देवाधर्मात कुणीही विचारत बसत नाही. राहून गेलं तर काय, ही भीती मोठी असते. बघता बघता मासोळी कमरेपर्यंत तांदळात बुडाली, आणि समुद्रातून नुकतीच वर आल्यासारखी दिसायला लागली. चेहरा तोच, डावीकडे बघणारा. फक्त कपाळभर कुंकू.

मग समोरच्या घरातल्या काकू आल्या. त्यांना सगळं स्पष्ट दिसतं.

"अगंबाई, तुमच्याकडं तीन कधीपासून बसायला लागल्या?"

कुणीतरी म्हणालं, "नव्या सुनेच्या माहेरची असंल."

"माशाच्या शेपटीची? काय गं, जळकोटकडं अशी असती व्हय?"

दोघीतिघी हसल्या. वाईट नाही, पण हसल्या. वहिनी कुंकवाचा करंडा हातात घेऊन उभी होती. नाही म्हणावं तर ओटी भरलेल्या सगळ्या खुळ्या ठरणार. गप्प राहावं तर माहेर खुळं. तिचे कान लाल झाले. तिने माझ्याकडे बघितलं. कालच्या उन्हातल्यासारखंच, पुढचं वाक्य माझं असल्यासारखं.

"ती देवी नाही!" मी म्हणाले. तपासायला वेळच नव्हता. "ती माझी बाहुली आहे. सिनेमातली. समुद्रात राहते. पाय पाहिजेत म्हणून तिने आवाज देऊन टाकला, तिथे एक चेटकीण असते, आणि ह्यात वहिनीचं काहीसुद्धा नाही. शेपटी पहिल्यापासूनच होती!"

आई दुधाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. माझा आवाज इतका मोठा आहे, हे तिला आणि मला एकाच वेळी कळलं.

आजींनी चष्मा सारखा केला. "समुद्रातून आली म्हणतीस?"

"हो."

"मग लक्ष्मी तरी कुठून आल्ती?" त्यांनी समोरच्या काकूंकडे बघितलं. "समुद्रातूनच की. वटी भरली ती भरली."

मग समोरच्या काकूंनीही मासोळीची ओटी भरली. राहून गेलं तर काय.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांवर निरोपाच्या अक्षता टाकल्या, तेव्हा वहिनीने चार दाणे मासोळीवरही टाकले. मग मासोळीला आलेल्या खणांतला एक उचलून माझ्या हातात ठेवला. "घ्या ताई. तुमच्या बाईची कमाई."

मला तेव्हाच ते वाक्य बोलता आलं असतं. मी "बरं" म्हणाले.

आत्येबहीण लातूरला परत गेली त्या दुपारी वहिनी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिला मासोळीचा सिनेमा बघायचा होता. "पहिला नंबर दिलाय. एकदा बघाय पायजे." आम्ही माझ्या मोबाईलवर बघितला, चिवड्याचा डबा मध्ये ठेवून. ती खेकड्याला हसली, चेटकिणीची साडी चांगली आहे म्हणाली (साडी नव्हती), आणि राजकुमार आल्यापासून एकदम गप्प झाली.

संपल्यावर तिने चिवड्यातला शेंगदाणा शोधून खाल्ला. "ताई, नंबर बदलाय लागंल. हिला चौथी करा."

"का?"

"आवाज गेला तर गेला. लिहून दाखवाय काय झालतं? शाळंत गेल्ती ना?"

"अहो वहिनी, समुद्रातली लिपी वेगळी असेल!"

"मग चेटकिणीच्या कागदावर सही कशी केली? त्याच लिपीत? आपल्याला वाचाय आली की!"

"ती सही फक्त नावाची! नाव लिहिता येणं वेगळं आणि सगळं लिहिता येणं वेगळं. आणि तुम्ही स्वतःच तिला वर ठेवलंत, तेव्हा गुण कशाचे दिलेत?"

"तवा शिनेमा बघितला नव्हता. तवा तुमचं तोंड बघितलं होतं."

"म्हणजे हा पक्षपात आहे!"

"हाव, हाय. आता न्हाई. चौथी."

"दुसरी!"

"चौथी. झोपाळूच्या बी खाली."

"झोपाळूच्या खाली? जी अख्खा सिनेमा झोपली तिच्या खाली? वहिनी, तुम्हाला काही कळतं का?"

बाहेरच्या खोलीत बाबा जेवून आडवे झाले होते. आई दारात आली, आधी वहिनीकडे आणि मग माझ्याकडे बघत म्हणाली, "हळू बोल गं जरा. गल्लीत ऐकू जायलंय."