पेजेची खळ

ऐंशीनंतरच्या वर्षांत चंद्रपूरला ऑफिसात जाणाऱ्या बाया नायलॉनच्या फुलाफुलांच्या साड्या नेसत. मे महिन्यात ती साडी घामानं पायांना चिकटते. मी ऑफिसात रोजीनं पाणी भरायची. माझ्याकडे दोन सुती साड्या होत्या. सुती साडीला पातळ खळ दिली की ती अंगापासून सुटी राहते, वारा लागतो आणि जुनी असली तरी नीट दिसते. खळ तांदळाच्या पेजेची द्यायची. साडी सावलीत वाळवायची, नाहीतर रंग जातो.

मला कायम करायचं की नाही हे ठरवायला एक दिवस मोठे साहेब येणार होते. त्या सकाळी घरात मूठभरच तांदूळ होते. पोरगी तापातून उठलेली, तिच्या पोटात फक्त पेज टिकायची. मी पेज गाळून साडीच्या बादलीत ओतली.

सासू म्हणाली, "पोरगी उपाशी हाये, अन् तू लुगड्याले पेज पाजून राह्यली काय?"

"आज लुगड्याले," मी म्हणाले. "उद्यापासून तिले."

साडी सावलीत वाळली तशी नेसले, पोरीला गुळाचं पाणी दिलं आणि गेले. साहेबांनी सही येते का विचारलं. मी सही केली. त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. मी कायम झाले.

मला तेव्हा काही वाटलं नाही. आता पोरगी ऑफिसात जाते. उन्हाळा लागला की विचारते, "आई, तुझ्या साडीवानी खळ कशी द्याची?" मी सांगते, पेज पातळ घे, दोनदा गाळ. ती सकाळ तिला आठवत नाही. मीही सांगत नाही.