डावीकडची सीट

ऐंशीच्या दशकात आम्ही वेस्ट विंडसरला राहायला गेलो, तेव्हा आमच्याकडे गाडी एकच होती. सकाळी नवरा स्टेशनपर्यंत चालवत न्यायचा, तिथून ट्रेनने न्यूयॉर्कला जायचा, आणि गाडी मी परत आणायची. संध्याकाळी त्याला घ्यायलाही मीच जायची. लायसन्स मला तिसऱ्या खेपेला मिळालं होतं, त्यामुळे माझा रुबाबही तिप्पट होता.

संध्याकाळी पार्किंगमध्ये बायकांच्या गाड्यांची रांग लागायची. ट्रेनचा भोंगा ऐकू आला की सगळ्या जणी, गोऱ्या काय आणि आपल्या काय, स्टीअरिंग सोडून उजवीकडे सरकायच्या. तेव्हा आमच्या गाड्यांची पुढची सीट सोफ्यासारखी सलग असायची. नवरे येऊन डावीकडे बसायचे आणि तसेच दमलेभागलेले गाडी चालवत घरी जायचे. मीही महिनाभर निमूटपणे सरकले, पण आतून धुसफुसत होते.

शेजारच्या गाडीत नागपूरच्या एक काकू असायच्या. एकदा त्यांना विचारलं, "काकू, दमलेल्या माणसाला ड्राइव्ह का करायला लावायचं?"

"करू दे ना गं. दिवसभर बॉस सांगेल तिकडे वळतात बिचारे. इथे तरी स्वतःच्या मर्जीनं वळू दे."

बोलणं बिनतोड होतं. पण मला त्याला एकदा तरी शेजारी बसवून घरी न्यायचं होतं. लायसन्स मिळालं त्या दिवशी तो बसला होता, तर सगळा वेळ पायाने नसलेला ब्रेक दाबत राहिला. ते मला फार लागलं होतं.

घरात पाऊल टाकताच त्याला चहा लागायचा, तोही काठोकाठ. एका शुक्रवारी मी चहा थर्मॉसमध्ये भरला आणि घरातला सगळ्यात मोठा कप सोबत घेतला. भोंगा झाला. रांगेतल्या सगळ्या जणी उजवीकडे सरकल्या, मी नाही. तो डाव्या दाराशी आला, तशी मी काच खाली करून भरलेला कप त्याच्या हातात दिला.

"चहा? इथे?"

"सांडेल हं. तिकडून बसा."

कपावरची नजर न हलवता तो सावकाश गाडीला वळसा घालून आला आणि उजवीकडे बसला. मी गाडी काढली. पहिल्या स्टॉप साइनला त्याचा पाय दाबला गेला, दुसऱ्याला थोडा कमी.

"लेफ्ट घेताना स्लो कर," तो म्हणाला.

"हो."

तिसऱ्या स्टॉप साइनला त्याचा पाय हललाच नाही. पाहिलं, तर कप रिकामा आणि हा चक्क झोपलेला. माझ्या भरवशावर! मला इतका आनंद झाला की घर आलं तरी मी थांबलेच नाही, सगळ्या वस्तीला आणखी एक चक्कर मारली.

सोमवारी काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय गं, चहात घातलं तरी काय होतंस?"

"नुसती वेलची."

मंगळवारी भोंगा झाला, तेव्हा काकू सरकल्या नाहीत. त्यांच्याही डॅशबोर्डवर थर्मॉस होता.