पेरूएवढा कॅमेरा

आमच्या व्याह्यांइतका चोखंदळ माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. सापडलाच, तर त्या दोघांची एका दुकानात गाठ पडू नये. दुकानदाराला शटर ओढून घरी जावं लागेल. माझ्या लेकीचे हे सासरे. मुक्काम पुणतांबा. उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली, त्यामुळे काट्यावर चढून उतरल्याशिवाय जगातली कुठलीच वस्तू त्यांच्या लेखी खरी नसते. छत्री घ्यायची तर ती दुकानातच उघडतात आणि दुकानदाराला वरून तांब्याभर पाणी ओतायला लावतात. चपला घ्यायच्या तर जुन्या तिथेच ठेवून नव्या पायात सरकवतात आणि स्टेशनापर्यंत जाऊन येतात. माझ्या लेकीला बघायला आमच्याकडे राहात्याला आले, तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन थेट गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून आत डोकावले. खाली येऊन म्हणाले, "टाकी घासलेली हाय. आमाला पोरगी पसंत." पोरगी अजून आतच होती, साडीला पिना लावत.

त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात ठार येडं ठरवून टाकलं. मी तेव्हा अवघी छप्पन्न वर्षांची अल्लड पोर होते. त्यातून मुख्याध्यापिका! सगळं जग आपल्याच वर्गात बसलंय आणि आपण छडी घेऊन उभ्या आहोत, असा माझा ठाम समज होता. लेकीचं लग्न मी शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं पार पाडलं. त्याचं पुढे येईलच.

व्याह्यांची एक खोड मात्र मला कित्येक वर्षं कळली नाही. ते मला 'ईनबाई' म्हणतात. विहीणबाई म्हणण्याइतका वेळ त्यांच्याकडे नसतो. आणि कुठल्याही कार्यात, कुणीही फोटो काढायला लागलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य, "ईनबाई, जरा सरका." बारशात पाळण्यापाशी तेच, वास्तुशांतीला होमापाशी तेच. मी त्याचा संबंध माझ्या घेराशी लावला आणि महिनाभर रात्रीची भाकरी अर्धी केली. घेर तसाच राहिला आणि वाक्यही.

गेल्या वर्षी नातीचा सहावा वाढदिवस महिन्यावर आला असताना त्यांचा फोन आला. "ईनबाई, शूटिंगचा क्यामेरा घ्यायचाय. तुमी संगं चला. त्याच्यावर समदं इंग्रजीत असतंय."

"अहो, खिशात मोबाईल आहे की!"

"मोबाईल म्होरं धरला की मान्सं तोंडं करत्यात. आन् ऐन टायमाला त्या बाईचा फोन येतो, रिचार्ज संपला म्हनून."

दुसऱ्याच दिवशी आम्ही एसटीने नगरला. पहिल्या दुकानात शिरल्या शिरल्या व्याही म्हणाले, "राहात्याच्या पेरूएवढा क्यामेरा दाखवा." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला : मुठीत मावणारा, सदऱ्याच्या खिशात जाणारा. तोवर व्याह्यांनी पिशवीतून खराखुरा पेरू काढून काउंटरवर ठेवलाही होता. हल्ली असले कॅमेरे कोण घेतंय, असं पुटपुटत दुकानदार माळ्यावर चढला आणि दोन खोकी फुंकर मारून खाली घेऊन आला. व्याह्यांनी एका हातात पेरू, दुसऱ्या हातात कॅमेरा घेतला आणि डोळे मिटले. गिऱ्हाइकाला चक्कर आली असं वाटून दुकानदाराने खुर्ची पुढे केली. डोळे उघडून व्याही म्हणाले, "ह्यो जड हाय." पेरू दुकानदाराला दिला आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दुकानात आवाजाची परीक्षा झाली. दुकानदार चांगला भरघोस मिशांचा होता. व्याह्यांनी त्याला आतल्या पडद्यामागे पाठवलं. "तितनं कायतरी बोला. पर लई हळू. बाईमान्सासारखं." पडद्यामागून नाजूक आवाज आला, "चहा घेणार का?" मला हसू आवरेना. व्याह्यांनी मात्र कॅमेरा कानाशी धरून ते वाक्य तीनदा ऐकलं आणि खाली ठेवला. "ह्याच्यात रस्त्यावरचा टेम्पो ऐकू येतोय. मानूस न्हाई."

तिसऱ्या दुकानाबाहेर फुटपाथवर त्यांनी मला तीन येरझाऱ्या घालायला लावल्या आणि मागे चालत शूटिंग केलं. "बैल चालवून बघितल्याबिगर घेत्यात का कुनी?" बैल कोण, हे मी विचारलं नाही. चित्र बघितलं तर मी, फुटपाथ आणि समोरचं रसवंतीगृह, सगळे हुडहुडी भरल्यासारखे लटलटत होते. "क्यामेऱ्याला कापरं हाय," व्याही म्हणाले. दुकानदाराने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो हात तेव्हा वर्षभरापासून थरथरत होता. मी कॅमेरा खोक्यात ठेवला आणि आम्ही निघालो.

एसटी स्टँडवर चहा घेताना मात्र माझी जीभ सुटली. "व्याही, एवढ्या वेळात तुमच्यासाठी बायको बघून झाली असती!"

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "लगनाच्या शूटिंगची शीडी बघितली का तुमी एवढ्यात?"

"कोण बघतंय आता!"

"बघा येकदा."

घरी येऊन ती तेरा वर्षांपूर्वीची शीडी शोधून लावली. अरे देवा! तीन तासांच्या त्या चित्रात अडीच तास मी आहे. मोरपंखी पैठणी, नाकात नथ, आणि शूटिंगवाल्याचा दिवा जिकडे वळेल तिकडे सूर्यफुलासारखी वळणारी मी! लेक सासरी निघालीय, रडतेय, आणि मी तिच्या खांद्यावरून दिव्याकडे बघत पदर सारखा करतेय. नवरा मुलगा कोण, हे परक्याला सांगावं लागेल. लग्न कुणाचं, हे मात्र नक्की माझंच वाटेल.

आणि मग ती दिसली. व्याह्यांची बायको. गरीब गाय, नेहमी खांबाआड उभी राहणारी, बोलली तर शेजारच्यालाच ऐकू जाईल अशी. या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली. अख्ख्या शीडीत ती एकदाच आहे, अक्षता वाटताना. पलीकडे कुणाकडे तरी बघून हसली, काही बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात समोर मोरपंखी पैठणीची पाठ आली. पाठीमागून माझाच आवाज, "अहो शूटिंगवाले, इकडे घ्या, इकडे!" पाठ हलली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. एवढंच. चार वेळा मागे नेऊन पाहिलं, पाठ काही सरकेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन केला. "व्याही, चौथं दुकान बघायचंय. चला."

चौथ्या दुकानात काचेवर कोपरं टेकवून मी सगळं माहितीपत्रक वाचून काढलं आणि हात हलला तरी चित्र हलू न देणारी सोय कुठल्या कॅमेऱ्यात आहे, ते शोधलं. व्याह्यांनी पिशवीतल्या नव्या पेरूशी वजन ताडून पाहिलं. जमलं. चित्रही ठरलं जागेवर. राहिला आवाज. मी म्हटलं, "या वेळी मी जाते." दुकानाच्या पार टोकाला, फ्रीजच्या रांगेमागे जाऊन उभी राहिले आणि जन्मात कधी बोलले नव्हते इतक्या हळू बोलले, "व्याही, चुकलं माझं."

त्यांनी कॅमेरा कानाशी धरला. एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग दुकानदाराला म्हणाले, "आवाज साफ येतोय. ह्योच द्या."

वाढदिवसाचं त्यांचं शूटिंग आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. केक कुठेच नाही. फुगे नाहीत. आत पुऱ्या लाटणारी लेक आहे, कपाळावरचा घाम कोपराने पुसणारी. दाराशी चपला जुळवून ठेवणारी शेजारीण आहे. वर्गमैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगणारी नात आहे आणि ते चक्क ऐकू येतं. जावई वैतागले, "अण्णा, केक कापताना नाही घेतलं?"

"केक समद्यांच्या मोबाईलात हाय," व्याही म्हणाले.

शेवटी मी आहे. त्या दिवशी कॅमेरा माझ्याकडे वळला, तेव्हा मी मागे कुणी आहे का बघितलं, पदर सावरला आणि शहाण्यासारखी भिंतीच्या बाजूला व्हायला लागले. टीव्हीवर ते सगळं दिसतं. माझं पाऊल उचललेलं दिसतं, आणि कॅमेऱ्यामागून व्याह्यांचा आवाज येतो, अगदी साफ.

"ईनबाई, आता नका सरकू."